दर्शनाचं न ठरलेलं लग्न आणि माझा सर्व्हर

आधी तो चहा खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! मागे हे सांगत होते तेव्हा आमच्या एका मैत्रिणीला असा ठसका लागला की पाठीत धपाटे घालावे लागले. आणि ठसका थांबल्यावर ती काय म्हणाली? "पण मंजू, बिचारी ती पोरगी गं!" तर हसायचं तेवढं हसून घ्या. मीही हसते. घरी गेल्यावर मात्र मला जेवण जात नाही.

कर्जतला आमचं छोटंसं ऑफिस आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही सॉफ्टवेअरवाले. पाटी लावली त्या दिवशी खालचे शेठ म्हणाले, "बरं झालं ताई, आता एकाच जिन्यात दोन्ही मिळेल." ऑफिसात आम्ही तिघं. मी, म्हणजे मालकीण, मॅनेजर आणि झाडूवाली. नेरळहून येणारा निलेश. आणि कशेळ्याहून जीपने येणारी दर्शना. दर्शना म्हणजे अबोल मुलगी. सकाळी यायची, ओढणी खुर्चीला बांधायची आणि मान खाली घालून काम करायची. तुम्ही विचारलंत तर बोलणार, नाही विचारलंत तर संध्याकाळी "येते ताई" एवढंच.

कळंबला एक मोठं रिसॉर्ट आहे. त्याचे मालक भाऊ. त्यांना सगळा कारभार कॉम्प्युटरवर हवा होता. खोल्यांचं बुकिंग निलेशकडे, बिलाचं माझ्याकडे आणि स्वयंपाकघराचं दर्शनाकडे, असं आम्ही काम वाटून घेतलं.

आता तिघांनी एकाच सॉफ्टवेअरमध्ये हात घातला की काय होतं? तेच, जे एका कढईत तीन बायकांनी मीठ घातल्यावर होतं! मी केलेलं निलेशच्या फाइलखाली गडप, निलेशचं दर्शनाच्या. पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर. आणि फोल्डरची नावं तर ऐका. 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल नवं निलेश', 'हेच घ्या', 'आधीचं घेऊ नका हेच घ्या'. एकदा भाऊंना आम्ही 'घेऊ नका' असं लिहिलेलं फोल्डरच पाठवलं. त्यांचा फोन आला, "अवो ताई, घेऊ का नको?"

तेव्हा मी ठरवलं, बास. आता गिट बसवायचं. गिट म्हणजे कुणी, कधी, काय बदललं हे सगळं जपून ठेवणारी सोय. एकाचं दुसऱ्याखाली गडप होत नाही. जगभर वापरतात. लोक ते बाहेरच्या वेबसाइटवर ठेवतात, पण मी कसली ऐकते! "आपलं काम परक्याच्या दारात कशाला? आपला स्वतःचा सर्व्हर लावू."

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. तो पुसला, त्यात लागेल ते सगळं घातलं. वायरींशी झटापट केली, पासवर्ड लावले, आणि तो चालू झाल्यावर मला असा आनंद झाला म्हणता! मी चक्क त्याला हळदकुंकू लावलं, शेठजींच्या दुकानातून हातोडी आणून नारळ फोडला. निलेश म्हणाला, "ताई, पाणी आत जाईल." मी म्हटलं, "शुभ बोल नाऱ्या!" तो म्हणाला, "मी निलेश, ताई."

मग मी दोघांना समोर बसवलं आणि भाषण दिलं. हेच ते भाषण. त्याचा एकेक शब्द मला आज टोचतो.

"हे बघा, आपण भाताच्या मुलखातली माणसं. भाताचंच उदाहरण घेऊ. तुम्ही दिवसभर काम केलंत, म्हणजे भात कापलात. मग त्याचं कमिट करायचं. कमिट म्हणजे काय? तर कापलेला भात खळ्यात नीट रचून ठेवायचा. रोज रचायचा. न चुकता. कळलं?"

"हो ताई," दर्शना म्हणाली. ती डोळे मोठे करून ऐकत होती.

"आणि मग..." मी म्हटलं, आणि माझा फोन वाजला. भाऊंचा. सॉफ्टवेअर कधी दाखवता, पाहुणे वाढलेत, जेवणाचा गोंधळ होतोय, वगैरे वगैरे. जिन्यात उभी राहून मी बोलत बसले, बोलत बसले. परत आले तेव्हा कुठवर आलो होतो ते कोणाला आठवतंय? मी टाळी वाजवली. "तर असं आहे सगळं. कळलं ना?"

दोघांनी मान हलवली.

"आणि एक. आता रोज मला 'ताई हे झालं, ताई ते झालं' सांगत बसायचं नाही. मला सर्व्हरवर सगळं दिसतं!"

कुठल्या तोंडाने बोलले मी ते, देव जाणे.

झालं. काम सुरू झालं. मी रोज सकाळी चहा घेऊन सर्व्हर उघडायची आणि यादी बघायची. निलेशने हे केलं, मी ते केलं. निलेशने हे सुधारलं, मी ते बिघडवलं. आणि दर्शना? दर्शनाचं नावच नाही! आज नाही, उद्याही नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, नवीन आहे, शिकतेय. दुसऱ्यात वाटलं, अडली असेल. पण मग माझं डोकं फिरायला लागलं. ही दिवसभर मान खाली घालून करते काय?

विचारलं का तिला? नाही! मला सर्व्हरवर सगळं दिसत होतं ना!

आणि मग मी लक्ष ठेवायला लागले. एकदा माणूस लक्ष ठेवायला लागला की त्याला काय वाट्टेल ते दिसतं. दर्शना फोन घेऊन जिन्यात जायची. हळू आवाजात बोलायची. हसायची. दर्शना आणि हसते? एक दिवस हातात नव्या बांगड्या. मी निलेशला म्हटलं, "हिचं काहीतरी ठरलंय."

"काय ठरलंय?"

"अरे, लग्न! म्हणून कामात लक्ष नाही. सर्व्हरवर बघ, एक ओळ नाही तिची."

"ताई, मी विचारू का एकदा तिला?"

"तू नको. बायकांचं बायकांना कळतं."

मग दुपारी डबा खाताना मी मोठ्या हुशारीने विषय काढला. आता पुढचं बोलणं नीट ऐका, आणि तुम्हीच सांगा माझ्या जागी तुम्ही काय समजला असतात.

"काय गं दर्शना, ठरलं वाटतं सगळं?"

ती चक्क लाजली. "हो ताई. बरंचसं ठरलंय."

"मग? त्यांना पसंत आहे?"

"त्यांना आहे. बाईंचं जरा हे बदला, ते बदला चाललंय."

बाई! म्हणजे सासू. मी मनात म्हटलं, आत्तापासूनच बदला-बदला करतेय, पोरीचं कठीण आहे.

"आणि जेवणाचं?"

तिचा चेहरा उजळला. "तेच तर मोठं काम आहे ताई! दोन पंगती धरल्यात. शाकाहारी वेगळं, चिकन-भाकरी वेगळी. लहान मुलांची अर्धी ताटं."

"आणि दिवस कुठला?"

"ते शनिवार-रविवार धरा म्हणाले. गर्दी तेव्हाच असते ना."

"आम्हाला बोलावणार की नाही?"

"म्हणजे काय ताई! तुमच्याशिवाय होईल का?"

सांगा! आहे का यात एक शब्द असा की ज्यावरून वाटावं ही मुलगी रिसॉर्टच्या स्वयंपाकघराबद्दल बोलतेय? बाई म्हणजे भाऊंची बायको, तिथला भटारखाना सांभाळणारी. दर्शना जिन्यात जाऊन तिलाच फोन करायची. किती ताटं लागतात, भाकऱ्या आधी कळवायच्या का, उरलेलं कुठे लिहायचं. हे मला कधी कळलं? सगळं बेचिराख झाल्यावर.

तेव्हा मात्र मी मनाशी पक्कं केलं. पोरगी जाणार. काम तर काही केलेलं नाही. बोलायला तिला संकोच वाटतोय. मग आपणच मोठ्या मनाने मोकळं करावं! हो, मोठ्या मनाने. हा शब्द मी घरी नवऱ्यापाशीसुद्धा वापरला.

तिचा लॅपटॉप ऑफिसचाच होता, जुना, बटणं अडकणारा. मी म्हटलं, "दर्शना, दोन दिवस घरी आराम कर. लॅपटॉप इथेच ठेव. नीट करून घेते."

ती खूश. "बरं होईल ताई. सगळं कमिट केलेलं आहे हां त्यात."

"हो हो," मी म्हटलं, आणि निलेशकडे बघून अशी भुवई उडवली की विचारू नका. केलंय म्हणे! सर्व्हरवर एक ओळ नाही आणि केलंय म्हणे!

ती गेली. मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. निलेश घुटमळला. "ताई, आत एकदा बघूया का?"

"काय बघायचं? सर्व्हर खोटं बोलतो का?"

आणि पुसला. आतलं सगळं, अगदी मुळापासून. वर सगळं नवं घालून चकाचक केला. पुढच्या माणसाला देता येईल असा.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझा मोठेपणा अजून संपायचा होता! दुसऱ्या दिवशी मी बाजारातून साडी घेतली, नारळ घेतला, पेढे घेतले आणि कशेळ्याच्या जीपमध्ये बसले. म्हटलं, घरी जाऊन ओटी भरावी, सुखाने निरोप द्यावा.

जीपमध्ये मला अगदी चेपून एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "कुनाकडं निघाल्या, बाय?"

मी सांगितलं, दर्शनाकडे. ती माझ्याकडे कामाला आहे.

"आवो, ती आमच्या आळीतलीच! काय, पूजा हाय का?"

"नाही हो, लग्न ठरलंय ना तिचं!"

मावशींचा जबडा खाली आला. "दर्शनाचं? आमाला कसं म्हाईत नाय?"

"ठरलंय, ठरलंय. जेवणाचंसुद्धा ठरलंय." आणि मी वर पेढा दिला त्यांना! एकटीने कसा खाणार म्हणून पुढच्या सीटवरच्या दोघींना दिला. ड्रायव्हर राहिला तर वाईट दिसेल म्हणून त्यालाही दिला. मला सांगा, बातमी पसरवण्याचा याहून पक्का मार्ग आहे का?

दर्शनाच्या घरी पोचले. ओट्यावर तिचे वडील कोयत्याला धार लावत बसलेले. आई बाहेर आली, हात पुसत. मी साडी पुढे केली. "अभिनंदन हो! छान झालं. आमची दर्शना गुणाची आहे."

आई साडीकडे बघते, माझ्याकडे बघते. "ही कशापायी?"

"लग्नाची! आधीच आणली. मग गर्दीत राहून जातं."

"कुनाचं लगीन?"

"दर्शनाचं."

"आमच्या दर्शनाचं लगीन? कोन म्हनतं?"

"तीच म्हणाली की!"

कोयत्याची धार थांबली. वडिलांनी वर पाहिलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "कोन हाय तो?"

बापरे! आईने आत हाक मारली, "दर्शनाऽऽ, भायेर ये गं आधी!"

दर्शना बाहेर आली. मला बघून आधी हसली. मग आईचं तोंड बघून हसू गेलं.

"कुनाशी ठरवलंस गं? मॅडमना म्हाईत आनि आमाला नाय?"

"काय ठरवलं?"

"लगीन!"

"कसलं लग्न?" तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

"अगं, तूच नाही का म्हणालीस? दोन पंगती, चिकन-भाकरी, शनिवार-रविवार..."

तिला एक क्षण लागला. मग ती कपाळाला हात लावून मटकन ओट्यावर बसली. "ताई, ते कळंबच्या रिसॉर्टचं! स्वयंपाकघराचं काम नाही का मी करतेय? बाईंना रोज विचारून विचारून सगळं बसवलं. आता फक्त स्क्रीनला रंग द्यायचे राहिलेत."

"काम?" मी म्हटलं. "पण सर्व्हरवर तर तुझं काहीच नाही!"

"असं कसं? मी रोज कमिट करते."

"आणि पुश?"

"पुश म्हणजे काय ताई?"

तुम्हाला सांगते, त्या ओट्यावर बसून मला माझं ते भाषण शब्दन् शब्द आठवलं. भात कापायचा. खळ्यात रचायचा. 'आणि मग...' आणि मग फोन! मग पुश करायचं, म्हणजे खळ्यातला भात गिरणीवर पोचवायचा, आपल्या लॅपटॉपवरचं सर्व्हरवर पाठवायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. निलेशला कॉलेजपासून माहीत होतं. दर्शना माझ्याकडेच पहिल्यांदा शिकत होती. तिने मी सांगितलं तेवढं इमानाने केलं. रोज रचलं. सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये. आणि ताईंना तर सर्व्हरवर सगळं दिसतं, मग वेगळं सांगायचं कशाला?

"तुम्ही लॅपटॉप नीट करणार होतात ना? झाला?" तिने विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

"म्हणजे पुसलात?"

"पुसला गं."

ती रडली नाही. चिडली नाही. त्यापेक्षा वडिलांनी कोयता उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. शेवटी आईच म्हणाली, "चा घेता का?" आणि मी, निर्लज्जासारखी, हो म्हटलं.

पुढे मी काय नाही केलं! पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअर लावली, ओळखीच्या एकाला लॅपटॉप दाखवला. तो म्हणाला, नुसतं पुसलं असतंत तर काहीतरी मिळालं असतं, पण तुम्ही वर नवं घालून ठेवलंय. काय करणार! चकाचक करायची हौस!

दर्शना परत आली. मी माफी मागितली, निलेशसमोर, हात जोडून. ती म्हणाली, "असू दे ताई, मला आठवतंय बरंच." आणि तिने पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. मी भाऊंकडे मुदत मागायला गेले तर भाऊ म्हणतात, "ती पोरगी भारी हाय हां ताई! आमच्या मंडळीला रोज फोन करून बारीक-सारीक इचारायची. तुमी कदी एवढं इचारलं नाय." त्यांना काय कल्पना, कुठे लागलं ते! मुदत दिली त्यांनी. काम पूर्ण झालं, उत्तम झालं. आजही कळंबला तिथल्या भाकऱ्या दर्शनाच्याच सॉफ्टवेअरवर मोजून थापतात.

चला, गोड शेवट, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

पण ते पेढे? जीपमधले? ते पेढे गावभर फिरले हो! कशेळ्यात जो तो आईला विचारायला लागला, पोरीचं कुठं जमवलंत? नाय जमवलं म्हटलं की लोक जास्तच संशयाने बघायचे. म्हणजे काहीतरी लपवतायत. आईला दर्शनाचं म्हणणं पटलं होतं, पण पुरतं नाही. फोन वाजला की ती मान वर करून बघायची. आणि मग त्या जीपमधल्या मावशीच एक दिवस घरी आल्या. "ठरलेलं नाय ना? मग आमचा भाचा हाय. मुरबाडकडं. पोरगा चांगला हाय, बघा तरी."

बघितला. मुलगा खरंच चांगला. घरच्यांनी म्हटलं, एवढी बोंब झालीच हाय, तर उरकूनच टाकू.

दर्शनाने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघीच ऑफिसात होतो. खुर्चीची ओढणी सोडत ती म्हणाली, "मला अजून थोडं शिकायचं होतं ताई. एवढ्यात नव्हतं करायचं."

"मी येऊन बोलू का घरी?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं... "नको ताई," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही नका येऊ."

बरोबरच होतं तिचं. मी तिच्या शेजारी बसून रोज डबा खाल्ला, आणि 'काम कुठवर आलं गं?' एवढं साधं विचारलं नाही. विचारलं ते लग्नाचं!

लग्नाला गेले. जावंच लागलं, आईचं स्वतः येऊन आमंत्रण होतं. मी आपली मांडवाच्या मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. तर आईने मला शोधून काढलं, हाताला धरून पार पुढे नेलं आणि सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटली, "या दर्शनाच्या मॅडम. यांच्यामुळंच जमलं बरं का सगळं!" बायका माझ्या पाया पडल्या. मला शेला-नारळ दिला. दर्शना स्टेजवरून बघत होती. हसली ती माझ्याकडे बघून. ते हसू खरं होतं की कसं, मी अजून ठरवू शकलेले नाही. लग्नानंतर मध्ये मी फोन केला होता, तर म्हणाली, "इकडे मुरबाडला काम बघतेय ताई, मिळेल." अजून मिळालेलं नाही.

त्या दिवशी लग्नात जेवायच्या पंगतीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. पदर सावरत, अगदी कानाशी लागून म्हणाल्या,

"ताई, आमच्या पोरीचं बी बघा की जरा. ती पन कॉम्प्युटरचंच करते."